तांदळाच्या डब्यातले ११ हजार

"ताई, मी धायरीला राहते. वय ३७. बालवाडीत शिकवते, पगार १४,०००. हे भोसरीत कंपनीत आहेत, हातात ४६,५०० येतात. मुलगा सातवीत, मुलगी आठ वर्षांची, दुसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात. घराचं कर्ज आहे, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज आहे, ह्यांच्या गाडीचा हप्ता आहे, आणि नणंदेकडून ४०,००० हातउसने घेतलेत. एवढं मला माहीत होतं. दिवाळीनंतर मुलगा ह्यांच्या मोबाइलवर खेळत होता, तेव्हा बँकेचा मेसेज आला. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,३८,००० थकलेत. मला 'तीस-चाळीस असतील' असं सांगितलं होतं. कशावर खर्च झाला ते त्यांनाही धड सांगता येत नाही. व्यसन नाही, शपथेवर सांगते.

आता माझं. घरात मी पगार १०,५०० सांगितलाय. उरलेल्या साडेतीन हजारांतले १,५०० पोस्टाच्या आरडीत टाकते, साडेतीन वर्षं झाली. २,००० ची भिशी आहे, बारा जणींची; सात जणींना लागली, मला अजून नाही. तांदळाच्या डब्यात ११,००० आहेत. माहेरच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या आहेत. हे सगळं काढून ह्यांचं कार्ड भरू का? भरलं तर पैसे कुठून आणले म्हणून सांगू? शेजारच्या काकू म्हणतात, पुढे बचत करायची तर पतसंस्थेत टाक, ११ टक्के मिळतात. खरं का? आणि मुलीचा भरतनाट्यमचा क्लास बंद करावा म्हणते, ६०० वाचतील. एक कार्ड मी कात्रीने कापलं. फळं बंद केलीत, आणि रविवारी भाजीला मार्केट यार्डच्या घाऊक बाजारात जाते. खर्चाची यादी आणि कार्डांचे मेसेज सोबत पाठवते."

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच यादी उलगडली. चांगली ठेवलीय. दूध, किराणा, भाजी, सगळं तारखेनिशी. पहिल्या तीन पानांवर महिन्याचा खर्च आणि कर्जांचे हप्ते आहेत. शेवटच्या पानावर मात्र खाली कोपऱ्यात पेन्सिलीने 'अधूनमधून' असं लिहून सात ओळी आहेत, आणि त्यांची बेरीज तुम्ही केलेली नाही. मी केली. तिच्याकडे येतेच, पण आधी कार्ड.

तुमच्या मेसेजांवरून दोन्ही कार्डांचं व्याज महिना साडेतीन टक्के दिसतं. १,३८,००० वर महिन्याचं व्याज झालं ४,८३०. या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८६९. (घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. बँकेत काम करणाऱ्यांनाही कधीकधी हे सांगावं लागतं.) एकूण ५,६९९. तुमचे यजमान दोन्ही कार्डांचं 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम, इमानेइतबारे भरतात, ते होतं ६,९००. त्यातले मुद्दलात जातात १,२०१ रुपये. त्यांना वाटतं आपण दर महिन्याला सात हजार फेडतोय, आणि फिटतात जेमतेम बाराशे. त्यातही, जुनी बाकी असताना तेच कार्ड पुन्हा वापरलं की बिनव्याजी मुदत मिळत नाही. पंपावर पाचशेचं पेट्रोल भरलं की त्या दिवसापासून व्याज चालू. म्हणजे ते बाराशेही शिल्लक राहत नसणार.

गावाकडे शेकडा तीन-चारने पैसे देणाऱ्याला आपण सावकार म्हणतो आणि त्याच्या नावाने बोटं मोडतो. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तुमच्या कार्डाचं होतं ४२ टक्के, जीएसटी वेगळा.

आता तो पेन्सिलीचा कोपरा. दोन्ही मुलांची फी, पुस्तकं, गणवेश ५०,०००. विम्याचे हप्ते २४,०००. गणपती-दिवाळी २२,०००. लग्नकार्यं, आहेर आणि गावची जत्रा १४,०००. डॉक्टर आणि चष्मे ८,०००. महापालिकेचा मिळकतकर ७,२००. गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,८००. बेरीज १,३२,०००. बाराने भागा, महिन्याला ११,००० येतात. तुमचा किराणा ८,५०० आहे. म्हणजे घराचा हप्ता सोडला तर घरातला सगळ्यात मोठा खर्च तुम्ही पेन्सिलीने, कोपऱ्यात लिहिलाय.

'कशावर खर्च झाला ते त्यांनाही सांगता येत नाही' असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, उत्तर त्या सात ओळींत आहे. महिन्याचा घरखर्च तुम्ही लिहिलाय २७,७००. कार्ड सोडून बाकीचे हप्ते: घराचे १५,४००, वैयक्तिक कर्जाचे ८,३४९, गाडीचे ३,१५०, मिळून २६,८९९. दोन्हींची बेरीज ५४,५९९. घरात सांगितलेली मिळकत ५७,०००. महिना कसाबसा निभतो, आणि म्हणूनच घोळ झाला. बावीस महिन्यांपूर्वी ऑपरेशनच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला, वरची मोकळीक संपली, पण महिना निभत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. जून आला, फी आली. गणपती आले. चुलत दिराचं लग्न आलं. दर वेळी पैसे कुठून तरी 'झाले'. एक विचारते, रागावू नका: गेल्या जूनमध्ये शाळेची फी कशातून भरली, हे तुम्ही त्यांना विचारलं होतं का?

मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेत २९ वर्षं काढली, निम्मी काउंटरवर, निम्मी कर्ज विभागात. आरडी उघडायला आलेल्या बायका फॉर्म भरताना हळूच सांगायच्या, "मॅडम, घरी काही कागद पाठवू नका हं." त्यांच्यातल्या कित्येकींचं ते पासबुक म्हणजे उद्या घर सोडायची वेळ आली तर हातात असलेली एकमेव गोष्ट होती. नवरा पिणारा, हात उचलणारा. अशी बाई आजही विचारायला आली, तर मी सांगेन की लपवून ठेव, माहेरी ठेव, मला सांगू नकोस.

तुमचं तसं नाही. व्यसन नाही हे तुम्हीच शपथेवर लिहिलंय. तुमच्या आरडीला सहा टक्क्यांच्या आतबाहेर व्याज मिळतंय आणि त्याच घरातून ४२ टक्क्यांनी पैसा बाहेर जातोय. भिशीत तर तुम्ही सात जणींना बिनव्याजी पैसे वापरायला दिलेत. बायकांत बसून चार घटका बोलणं होतं, हा तिचा खरा लाभांश, त्याबद्दल तक्रार नाही.

आमच्याच घरातलं सांगते. १९९८ च्या सुमाराला आमचे हे एका मित्राला जामीन राहिले होते, एका पतसंस्थेत. मित्राने हात वर केले आणि ह्यांच्या पगारातून कपात सुरू झाली. मला म्हणाले, ओव्हरटाइम बंद झालाय. माझ्या नावावर तेव्हा १८,००० ची मुदत ठेव होती, ती ह्यांना ठाऊक नव्हती. दोन वर्षं आम्ही एकमेकांना 'पैसे नाहीत' असं सांगत राहिलो आणि त्या दोन वर्षांत थोरल्याची सहल, माझा दातांचा इलाज आणि सासऱ्यांची सत्तरी, तिन्ही राहून गेलं. पतसंस्थेचं व्याज तेवढं वेळच्या वेळी गेलं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, काढा. आणि कुठून आणले म्हणून खोटं काही सांगू नका. 'भावाने दिले' असं तर मुळीच नको. पुढल्या राखीपौर्णिमेला भाऊ घरी येणार आहे.

सांगायचं कसं? रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सासूबाई आडव्या झाल्या आणि मुलं खाली पार्किंगमध्ये खेळायला गेली की. एक फूलस्केप कागद घ्या. त्यांच्या कार्डाचा विषय आधी काढू नका. पोस्टाचं पासबुक टेबलावर ठेवा आणि म्हणा, "अहो, माझा पगार १४ आहे. साडेतीन हजार मी बाजूला टाकत होते." मग थांबा. त्यांना वाईट वाटेल, 'माझ्यावर विश्वास नव्हता का' हे वाक्य येणारच. त्यावर लगेच 'तुम्ही तरी कुठे सांगितलंत' हे तोंडावर येईल, ते गिळा. निदान त्या रविवारपुरतं. तुमचे आकडे कागदावर आले की त्यांना म्हणा, आता तुमचे लिहा. दोन्ही कार्डांची स्टेटमेंटं आणि बाकी काही असेल तर तेही. बाकी काही असू शकतं, तयारी ठेवा. मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून घेतलेली छोटी कर्जं हल्ली बरेचदा याच वेळी बाहेर येतात.

त्यांनी स्टेटमेंट दाखवायला नकार दिला, तर आरडीला हात लावू नका. आठवड्याने पुन्हा विचारा. कागद समोर आल्याशिवाय पैसे नाहीत, यावर मात्र ठाम राहा.

कागद समोर आले असं धरून पुढचं सांगते.

आरडीत ४२ हप्त्यांचे ६३,००० झालेत. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळतं. हातात साडेसदुसष्ट हजारांच्या आसपास येतील. मोडल्यामुळे व्याजात दोन-अडीच हजारांचं नुकसान. तेवढ्याच रकमेवर कार्ड दर महिन्याला २,७८८ रुपये घेतंय. एका महिन्यात भरून निघतं.

भिशीच्या दिवशी सांगा, "मला नड आहे, या वेळची मला द्या." बायका देतात, कोणी कारण विचारत बसत नाही. २४,००० मिळतील. पण उरलेले पाच हप्ते भरायचेच आहेत, म्हणून त्यातले १०,००० लगेच बाजूला काढा आणि १४,००० कार्डाला लावा. हे न करता चोवीसच्या चोवीस भरून टाकले, की पुढच्या महिन्यात भिशीचे दोन हजार पुन्हा कार्डावरून उभे राहतात, हे मी पाहिलेलं आहे.

राहिले ५६,५००. इथे पाटल्या. विकायच्या नाहीत, तारण ठेवायच्या. आजच्या भावाने दोन तोळ्यांवर बँक ६०,००० सहज देईल. व्याज वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास धरा, महिन्याला पाचशे. हेच पैसे कार्डावर राहिले तर महिन्याला अडीच हजारांच्या जवळपास जातात. गहाण म्हटलं की सासूबाईंच्या पिढीच्या पोटात गोळा येतो, कारण त्यांच्या काळी सराफाकडे गेलेला दागिना परत येत नसे. म्हणून सराफाकडे नको, बँकेतच जा. वजन तुमच्यासमोर करून घ्या, पावतीवर निव्वळ वजन लिहिलंय ना ते बघा, आणि कर्ज तुमच्या नावावर असू द्या. स्त्रीधन ही संपूर्णपणे बायकोची मालमत्ता असते. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. हे यजमानांना ऐकवायला नको, त्या फूलस्केपवर 'पाटल्या सोडवणे' अशी एक ओळ लिहा, पुरे. सोनेतारण बहुधा वर्षभराचं असतं. वर्ष भरताना व्याज भरून पुढे चालवता येतं, तारीख मात्र विसरायची नाही.

डब्यातले ११,००० कर्जाला लावू नका. एक रुपयाही नाही. ते कुठे ठेवायचे ते पुढे येईल.

कार्ड पूर्ण भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा काहीतरी रक्कम दिसेल आणि तुम्ही हादराल. बिल बनल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते मागे राहिलेलं व्याज असतं. भरून टाका आणि त्याच्या पुढचं स्टेटमेंट शून्याचं आलं की मगच सुटलो म्हणा. दोनांपैकी एक कार्ड बंद करा. तुम्ही कात्रीने कापलंत असं लिहिलंय. प्लॅस्टिक कापल्याने खातं बंद होत नाही, लेखी विनंती करावी लागते. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दुसरं कार्ड ठेवा, पण मर्यादा वीस हजारांवर आणून.

एवढं करूनही तोंडमिळवणी होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मिळकत खरी, ६०,५००. हप्ते २६,८९९, घरखर्च २७,७००, सोन्याचं व्याज ५००. 'अधूनमधून'चे ११,०००, त्यातून यजमानांचा २०,००० चा बोनस वजा केला तर महिन्याला ९,३००. तूट राहते सुमारे ३,९००. ती तुम्ही फळं बंद करून आणि रविवारी धायरीहून मार्केट यार्डला जाऊन भरून काढायला निघालात. फळं परत आणा. मार्केट यार्डला शेजारच्या दोघींबरोबर महिन्यातून एकदा जाऊन कांदे-बटाटे-लसूण आणलेत तर परवडतं. एकटीने दर रविवारी गेलात तर पेट्रोल आणि वाया गेलेली कोथिंबीर यांतच बचत जाते.

पैसे दुसरीकडे आहेत. घरकर्ज बघा. तुमचा दर अजून ८.७५ टक्के आहे. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ पर्यंत खाली आणला, त्यामुळे नव्या कर्जदारांना तुमच्यापेक्षा बरंच स्वस्त कर्ज मिळतंय. जुन्या गिऱ्हाइकाला बँक आपणहून बोलावून काही देत नाही. शाखेत जा, दर कमी करून मागा. थोडं शुल्क घेतात. १४,६०,००० च्या बाकीवर एक टक्का जरी उतरला तरी हप्ता महिन्याला ८४० च्या आसपास कमी होतो. एरवी मी सगळ्यांना सांगते की दर उतरला तरी हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. तुम्ही आत्ता हप्ता कमी करून घ्या. मुदतीचं दोन वर्षांनी बघू.

विम्याच्या २४,००० मध्ये मुलाच्या नावाची एक पॉलिसी आहे, वर्षाला ११,००० ची. कमावता माणूस सोडून मुलाचा आयुर्विमा ही गोष्ट मला कधीच कळली नाही, पण एजंट बहुधा नात्यातलाच असतो. ती पेड-अप करून घ्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली विम्याची रक्कम मुदतीला मिळेल. यजमानांचा मात्र साधा टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे मिळतात तो) काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेलाय. टर्म विम्याच्या हप्त्यात यातला काही भाग जाईल, तरी जाऊ द्या. मिळकतकराच्या बिलावर स्वतः राहत असल्याची ४० टक्क्यांची सवलत लागलीय का ते बघा. नसेल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज भरायचा. आणि कर मुदतीत भरा, वेळेत भरणाऱ्याला ५ ते १० टक्के सूट मिळते आणि उशीर करणाऱ्याला महिन्याला २ टक्के शास्ती बसते. गणपती-दिवाळी आणि आहेर यांतून वर्षाचे दहा हजार कमी होतील का, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. माझ्या मते होतील. गौरीला नवी साडी एक वर्ष राहिली तर गौर रागावत नाही, जाऊ रागावते. बाहेरचं खाणं आणि मोबाइलची पॅकं मिळून हजार कमी करा. यजमानांची शिफ्ट दिवसाची असेल तर स्वारगेटपर्यंत बस आणि तिथून मेट्रोने नाशिक फाटा, असा एक आठवडा करून बघायला सांगा. शिफ्ट रात्रीची असेल तर विसरा, तो जीव थकून घरी यायचाय.

हे सगळं मिळून तूट जेमतेम भरते. शिल्लक काही नाही. पहिले सात महिने असेच जातील, गाडीचा हप्ता संपेपर्यंत.

आता त्या पेन्सिलीच्या ओळींचं. दोघांच्या नावाने एक वेगळं बचत खातं उघडा. त्याला यूपीआय जोडायचं नाही, त्याचं डेबिट कार्ड कपाटात. काटछाट केल्यावर 'अधूनमधून'चे महिन्याला साधारण ७,३०० उरतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते आपोआप तिकडे वळते होऊ द्या. डब्यातले ११,०००ही तिथेच टाका, कारण पहिल्याच महिन्यात मिक्सर बिघडणार किंवा कोणाचा तरी दात दुखणार, आणि तेव्हा कार्ड आठवता कामा नये. फेब्रुवारीपासून सुरू केलंत तर जूनपर्यंत पाच हप्त्यांचे साडेछत्तीस हजार जमतात. फीचा पहिला हप्ता २५,००० आणि मिळकतकर त्यातून निघतो. यंदाच्या जूनमध्ये कोणालाही काही स्वाइप करावं लागलं नाही, तर समजा निम्मं काम झालं.

सात महिन्यांनी सुटलेले ३,१५० सोन्याकडे वळवा. एकोणीस महिन्यांत पाटल्या घरी येतात आणि त्याच सुमाराला, म्हणजे आजपासून सव्वादोन वर्षांनी, ऑपरेशनचं कर्जही संपतं. मग महिन्याला साडेअकरा हजार मोकळे होतात. आधी नणंदेचे ४०,०००. हिशेबाने बिनव्याजी कर्ज शेवटी फेडायचं, ते ठीकच. पण तिला आजच फोन करा आणि 'दोन वर्षांनी देते, मध्ये लागले तर हक्काने सांगा' एवढं स्वतः बोला. यजमानांना नको, तुम्ही बोला.

त्यानंतर बचत. आधी तीन महिन्यांचा खर्च आणि घराचा हप्ता मिळून सव्वा लाख बँकेत मुदत ठेवीत, मग बाकीचं. काकूंच्या ११ टक्क्यांबद्दल: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, माणशी पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला, तेव्हा त्या विम्याची किंमत पुण्यातल्या पेठापेठांना कळली. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, चांगल्या मी जवळून पाहिल्यात. पण ज्या घरात सव्वा लाखही जमा नाहीत, त्यांनी ते तिथे ठेवू नयेत.

एक काम मात्र सव्वादोन वर्षं थांबवू नका. मुलगी आठ वर्षांची आहे. सुकन्या समृद्धी खातं ती दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं, म्हणजे तुमच्या हातात पैसे येतील तेव्हा ते दार बंद झालेलं असेल. या महिन्यात पोस्टात जाऊन २५० रुपये भरून उघडून ठेवा. वर्षाला किमान २५० भरले की खातं चालू राहतं. जानेवारी २०२४ पासून त्याला ८.२ टक्के व्याज मिळतंय. आरडी मोडायला जाल त्याच दिवशी होईल, तिचा जन्मदाखला आणि तुमची कागदपत्रं बरोबर घेऊन जा.

भरतनाट्यमचं विचारलंत. तुमच्या यादीत 'क्लास' म्हणून १,५०० लिहिलेत, त्यात ते ६०० आहेतच. वर सगळा हिशेब मी ते धरूनच केलाय. क्लास बंद करू नका.